ताराबाईंची अंगणवाडी आणि सरकारची

कोल्हापुरात ताराबाई हे नाव निघाले की डोळ्यांपुढे उभी राहते ती कावळा नाक्यावरची अश्वारूढ मूर्ती; औरंगजेबाशी झुंज देणारी आणि करवीरच्या राज्याचा पाया घालणारी महाराणी. ते स्वाभाविकच आहे. परंतु महाराष्ट्रात आणखी एक ताराबाई होऊन गेल्या. त्यांच्या हाती तलवार नव्हती. कंगवा होता, नखे कापण्याची कात्री होती आणि ओंजळभर शिंपले व चिंचोके होते. आज करवीर, भुदरगड वा आजऱ्याच्या वाडीवस्तीवर सकाळी ज्या खोलीचे दार लहान मुलांसाठी उघडते, तिच्या पाटीवरील अंगणवाडी हा शब्द ताराबाई मोडक यांच्या कामातून आलेला आहे. शब्द घरोघर पोचला. तो ज्या कामासाठी जन्मला ते काम मात्र वाटेत मागे राहिले, आणि १९७३ साली त्या निवर्तल्या त्यास अर्धशतक उलटले तरी त्या कामाची आठवण करून देणे चुकलेले नाही.

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड ठरविला. ब्रिटिश हिंदुस्थानला जे जमले नाही ते या संस्थानाने केले, ही कोल्हापूरकरांच्या अभिमानाची गोष्ट आहे. तथापि त्या काळी कायद्याची दृष्टी प्राथमिक शाळेच्या उंबरठ्यापाशी सुरू होई. उंबरठ्याच्या अलीकडचे तीन-चार वर्षांचे मूल ही आईची नाहीतर आजीची बाब मानली जात असे, आणि ते सांभाळण्यास काही शिकावे लागते ही कल्पनाच समाजाला नवी होती. ताराबाईंचे आयुष्य या अलीकडच्या वयासाठी खर्ची पडले.

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत जन्मलेल्या ताराबाई पूर्वाश्रमीच्या केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई दोघेही प्रार्थनासमाजाच्या वातावरणातले, त्यामुळे मुलीने शिकावे की नाही हा वाद त्या घरात उद्भवला नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह झाला. तो सुखाचा ठरला नाही आणि १९२१ च्या सुमारास उभयतांचे मार्ग वेगळे झाले. पदरी लहान मुलगी, पाठीशी नवऱ्याचे घर नाही, अशा स्थितीत त्या काळच्या स्त्रीने काय करावे याचे उत्तर समाजापाशी तयार नव्हते. ताराबाईंनी नोकरी शोधली आणि राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या झाल्या. पद मानाचे होते. शिक्षिका घडविण्याच्या कामाशी त्यांची गाठ तेथेच प्रथम पडली.

याच सुमारास भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून बालमंदिर चालविले होते. इटलीच्या मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीचा अभ्यास करून ती गुजराती मुलाच्या अंगास बसेल अशी करण्याचा त्यांचा खटाटोप होता. ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले आणि १९२३ साली त्या भावनगरास गेल्या. सरकारी मान्यतेच्या संस्थेतून एका ध्येयवेड्या माणसाच्या बालमंदिरात जाणे ही व्यवहारी माणसाच्या दृष्टीने पायउतारच होय. परंतु पुढील इतिहास पाहता हा निर्णय महाराष्ट्राच्या पथ्यावर पडला.

भावनगरात त्यांच्या ध्यानात आलेली मुख्य गोष्ट ही, की चांगले बालमंदिर एका प्रतिभावंत माणसाच्या बळावर चालू शकते, पण शंभर बालमंदिरे चालवावयाची तर शंभर शिक्षिका तयार कराव्या लागतात. म्हणून मुलांच्या शाळेशेजारी शिक्षकांचे अध्यापन मंदिर उभे राहिले. १९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांनी नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. संघाचे 'शिक्षणपत्रिका' हे मासिक गुजरातीत निघे. पुढे ताराबाईंनी मराठी आवृत्तीची धुरा वाहिली. शाळेपासून दूर असलेल्या पालकाला आणि एकट्या पडलेल्या शिक्षिकेला ही पत्रिका हाच आधार होता. मुलाला मारू नये, भीती घालू नये, बक्षिसाची लालूच दाखवू नये, या गोष्टी आज सर्वमान्य वाटतात. छडीवाचून विद्या नाही अशी दृढ समजूत असणाऱ्या पिढीला त्या महिन्यामागून महिना पटवून द्याव्या लागल्या.

त्यानंतर मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झाले आणि त्याला जोडून शिक्षिकांचे वर्गही चालले. १९३९ साली गिजुभाई निवर्तले. त्याच वर्षी मॉन्टेसरीबाई स्वतः हिंदुस्थानात आल्या, महायुद्धामुळे येथेच अडकल्या आणि त्यांच्या प्रशिक्षणवर्गांतून शेकडो माणसे पद्धत शिकून बाहेर पडली. शहरांतून मॉन्टेसरी हा प्रतिष्ठेचा शब्द झाला. येथेच ताराबाईंना प्रश्न पडला. लाकडी ठोकळे, दट्ट्यांचे संच, मोजून घडविलेली उपकरणे यांचा खर्च परवडणारे घर कोणते? दादरचे शिशुविहार उत्तम चालले होते, पण त्याचा लाभ मध्यमवर्गाला होत होता. ज्या मुलाला त्याची सर्वांत अधिक गरज, ते मूल त्या फाटकापर्यंत पोचतच नव्हते. वयाची पन्नाशी उलटल्यावर, जमलेले काम मागे ठेवून, त्या १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. त्याच वर्षी पुण्यातील शाळेची नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवैधव्य वाट्याला आलेल्या या शिक्षिकेने पुढे जन्मभर ती साथ सोडली नाही.

बोर्डीला पहिला धडा केंद्र चालविणाऱ्यांनाच मिळाला. बालवाडी उघडली तरी दलित वस्तीतील मुले येईनात. कारण उघड होते. तेव्हा मुले शाळेकडे येत नाहीत तर शाळेने मुलांकडे जावे असे ठरले. शिक्षिका वस्तीत जाऊन एखाद्या घरापुढच्या अंगणात बसू लागली. मुलांचे हातपाय धुणे, केस विंचरणे, नखे काढणे यापासून दिवस सुरू होई. गाणी, गोष्टी, खेळ त्यानंतर. अंगणवाडीचा जन्म हा असा झाला. जातीच्या भिंतीपुढे थबकलेल्या शाळेने भिंतीला घातलेला तो वळसा होता. आज हा शब्द उच्चारताना त्यामागची ही हकीकत कोणाच्या मनात येत असेल असे वाटत नाही.

१९५७ च्या सुमारास केंद्र जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारली मुलांचे जग पुढे उभे राहिले. थोरली बहीण शाळेत यावयाची तर कडेवरचे भावंड कोठे ठेवणार? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी केली गेली. गुरे राखणाऱ्या पोरांना शाळेची वेळ पाळता येईना, म्हणून शाळा गुरांमागे कुरणावर गेली आणि तिला कुरणशाळा हे नाव मिळाले. साधने म्हणून गारगोट्या, बिया, पाने, शिंपले. मोजणे त्यांतून, रंग त्यांतून, रचना त्यांतून. स्वस्त साधन वापरावयाचे तर शिक्षिका अधिक जाणती लागते, ही यातली मेख आहे. विकत आणलेल्या पेटीत पद्धत अर्धी तयारच असते; चिंचोक्यात ती नसते, ती बाईच्या डोक्यात असावी लागते. कोसबाडचे प्रशिक्षणवर्ग हे म्हणूनच त्या कामाचे हृदय होते.

ताराबाई १९४६ ते १९५१ या काळात मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मानमरातब झाले, परंतु सरकारी धोरणात पूर्वप्राथमिक शिक्षिकेला जागा मिळाली असे म्हणता येत नाही. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठामागचा हा द्रष्टा पुरुष, खेड्यातील शिक्षणाची नाडी त्यांच्याइतकी क्वचितच कोणी ओळखली असेल. तरीही त्या आयोगाने पूर्वप्राथमिक शाळांचा भार मुख्यत्वे खासगी प्रयत्नांवर सोपविला. सरकारने प्रशिक्षण, संशोधन व अनुदान पाहावे असे सांगितले. तिजोरी रिकामी होती आणि प्राथमिक शाळाच पुऱ्या पडत नव्हत्या हे खरे. परंतु खासगी प्रयत्न कोणाकडे जातात हे ताराबाईंनी दादरला पाहिलेच होते.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशाचा झाला. योजना थोर आहे. तिने वाचविलेल्या बालकांचे ऋण कोणी नाकारू नये. पण सहा सेवांमध्ये शिक्षण ही एक सेवा राहिली. आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी, नोंदवह्या यांतून उरलेल्या वेळात शिकवावे अशी सोय झाली. सेविकेला वेतन नव्हे तर मानधन, ती नोकर नव्हे तर स्वयंसेविका. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचे पद सरकारी पद नाही असा निर्णय दिला. २०२२ साली त्याच न्यायालयाने तिला उपदानाचा हक्क मान्य केला. दरम्यान २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा वर्षांखालील मुलांची तरतूद सरकारच्या मर्जीवर ठेवली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला, आणि येथे ताराबाईंचे म्हणणे कागदावर तरी मान्य झाले. बारावी झालेल्या सेविकेस सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेलीस वर्षाची पदविका, असे ते धोरण सांगते. मात्र हे शिक्षण दूरचित्रवाणी व मोबाइलवरून द्यावे, आणि महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग घ्यावा, असेही त्यातच आहे. कामात खंड पडू नये हा हेतू समजण्याजोगा आहे. पण रडणारे मूल कसे शांत करावे, एकलकोंडे मूल खेळात कसे ओढावे, हे पडद्यावर पाहून येत नाही. ते दुसऱ्या जाणत्या बाईच्या शेजारी बसून येते. बोर्डी आणि कोसबाड येथे प्रशिक्षणाचा वर्ग आणि मुलांची वाडी एकमेकींना लागून होत्या त्या याच कारणासाठी.

शासनाला हे काम मनापासून करावयाचे असेल तर तो महिन्याचा एक वर्ग तरी एखाद्या चालत्या, चांगल्या अंगणवाडीत भरावा, आणि तेथे शिकविणारी बाई स्वतः लहान मुलांत वावरलेली असावी. प्रवासखर्च आणि त्या दिवसाचे मानधन सेविकेच्या हाती पडावे. आणि पदविका पदरात पडल्यावर तिच्या मानधनात काही फरक पडणार की नाही, हे अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी लेखी जाहीर व्हावे. प्रत्येक जिल्ह्यात अशा पाच-सहा अंगणवाड्या निवडून तेथे हे वर्ग भरविणे अवघड नाही. कोल्हापूर जिल्ह्याने त्याचा आरंभ करावयास हरकत नसावी.