तेवीस वर्षांचे आयुष्य, शतकभराचे काम

झाक एर्ब्रां यांचा जन्म १९०८ साली पॅरिसमध्ये झाला. प्रवेशपरीक्षेत पहिले येऊन वयाच्या सतराव्या वर्षी ते ‘एकोल नॉर्माल सुपेरियर’ या नामवंत संस्थेत दाखल झाले. फ्रेंच गणितज्ञ तेव्हा तर्कशास्त्राकडे फारसे वळत नसत. एर्ब्रां यांनी प्रबंधासाठी नेमका तोच विषय घेतला.

१९३० च्या या प्रबंधात दोन विधाने जुळवण्याची एक रीत होती. ‘क्ष हा रामाचा पिता’ आणि ‘दशरथ हा य चा पिता’ ही विधाने एकच ठरायची, तर क्ष म्हणजे दशरथ आणि य म्हणजे राम. गुंतागुंतीच्या विधानांतही अशी उत्तरे पायरीपायरीने काढता येतात.

पुढचे वर्ष त्यांनी जर्मनीत फॉन नॉयमान, एमी नोएथर अशा गणितज्ञांच्या सहवासात काढले. २७ जुलै १९३१ रोजी आल्प्समध्ये गिर्यारोहण करताना अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

१९६५ मध्ये जॉन अ‍ॅलन रॉबिन्सन यांनी ही रीत संगणकासाठी नव्याने मांडली. तिच्याच आधारावर १९७२ च्या सुमारास मार्सेयमध्ये ‘प्रोलॉग’ ही भाषा घडली. तिच्यात नियम सांगायचे, उत्तर संगणक शोधतो. अवजड आकडेमोड मात्र इतर भाषांना अधिक जमते. म्हणून मोठ्या प्रणालींत कामाची वाटणी होते. २०११ मध्ये अमेरिकी प्रश्नमंजूषा जिंकणाऱ्या ‘वॉटसन’मध्ये जावा आणि सी प्लस प्लससोबत प्रोलॉगही होती. प्रश्नातील वाक्यरचना ओळखणारे नियम तिच्यात लिहिलेले होते. त्या नियमांच्या मुळाशी एर्ब्रां यांची जुळणीच होती.