दादासाहेब गायकवाड आणि 'दुरुस्त' पक्ष

भगवान बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी आपल्या घरी लागल्या. पण कर्मवीर दादासाहेब गायकवाड कोण होते, असे मुलाने विचारले तर काय सांगाल? गटबाजीतला एक पुढारी, एवढेच पुष्कळांनी ऐकलेले असते. म्हणून हे लिहीत आहे.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १९०२ साली नाशिक जिल्ह्यातील आंबे गावी झाला. शिक्षण बेताचेच. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो वर्षानुवर्षे त्यांनी नेटाने चालवला. १९३४ मध्ये तो थांबवण्याविषयी बाबासाहेबांनी पत्र लिहिले, तेही त्यांनाच. पुढच्याच वर्षी त्याच जिल्ह्यात, येवल्याला, धर्मांतराची घोषणा झाली. आपल्या दीक्षेची वाट नाशिकवरून आलेली आहे, हे ध्यानात घ्या.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. त्याच वर्षी दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले होते. दोन वर्षे होतात न होतात तोच पक्ष फुटला. बी. सी. कांबळे यांनी वेगळा गट काढून त्याला दुरुस्त रिपब्लिकन पक्ष म्हटले. मग दादासाहेबांचा गट आपोआप नादुरुस्त ठरला! कांबळे यांचे म्हणणे असे की, रस्त्यावरचे लढे आणि कम्युनिस्टांची संगत ही बाबासाहेबांची वाट नव्हे. सनदशीर मार्गच खरा. हे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे मी म्हणणार नाही. पण त्याच्या आड आणखी एक गोष्ट होती. एका बाजूला वकील आणि पदवीधर, दुसऱ्या बाजूला खेड्यातला, धोतर नेसणारा पुढारी. धोतरवाल्याच्या मागे जाणे शिकलेल्यांना कमीपणाचे वाटे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, शाळामास्तर. माझे वडील धोतरच नेसत. तो वाद वाचताना माझी मान खाली जाते.

दादासाहेबांनी उत्तर दिले ते भूमिहीनांच्या सत्याग्रहाने. १९५९ मध्ये तो महाराष्ट्रात झाला, आणि ६ डिसेंबर १९६४ रोजी, महापरिनिर्वाणदिनी, देशभर सुरू झाला. पडीक जमीन भूमिहीनाला द्या, किमान वेतन द्या, बौद्धांना सवलती द्या, अशा मागण्या होत्या. पक्षाच्या हिशेबाने तीन लाखांवर माणसे तुरुंगात गेली. त्यांत बायाही होत्या. सवलतींचे मोल आपल्याला ठाऊक आहेच. धर्म बदलला म्हणून अनुसूचित जातींच्या सवलती नाकारल्या गेल्या होत्या. महाराष्ट्राने त्या १९६० मध्ये दिल्या, केंद्राने मात्र १९९० पर्यंत वाट पाहायला लावली.

१९६७ मध्ये दादासाहेबांनी काँग्रेसशी हातमिळवणी केली. माझ्या मते ही त्यांची चूक झाली. ज्यांच्या विरोधात लोक तुरुंगात गेले, त्यांच्याच शेजारी बसायचे, हे कार्यकर्त्यांना कसे पटावे? पुढे बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांचाही गट वेगळा झाला.

२९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गेले. त्यांच्या गटाची धुरा रा. सू. गवई यांनी घेतली. खोब्रागडे वेगळे राहिले, कांबळे वेगळे राहिले.