ज्याची पुस्तकं नाझींनीही जाळली आणि अमेरिकेनेही, त्या शास्त्रज्ञाचं घर आज म्युझियम आहे

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथल्या रेंजली गावाजवळ, तळी आणि जंगलाच्या मधे, टेकडीवर एक दगडी इमारत उभी आहे. आत जुनी प्रयोगशाळा, अभ्यासिका, पुस्तकांची कपाटं आणि घरमालकाने स्वतः रंगवलेली चित्रं. बाहेर त्याच मालकाची कबर, आणि कबरीशेजारी आकाशाकडे रोखलेल्या लांब नळ्यांचं एक विचित्र यंत्र.

या जागेचं नाव ऑर्गोनॉन आणि मालकाचं नाव विल्हेल्म राईख.

बहुतेक शास्त्रज्ञ त्याचं नंतरचं काम सपशेल चुकीचं मानतात. तरीही उन्हाळ्यात लोक हे घर बघायला येतात. असं काय घडलं होतं या माणसाच्या बाबतीत?

राईखचा जन्म १८९७ चा. गाव तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातलं, आताच्या युक्रेनमधलं. लहानपणीच आईने आत्महत्या केली, काही वर्षांनी वडीलही गेले. पहिल्या महायुद्धात सैन्यात काढल्यावर तो व्हिएन्नाला आला आणि डॉक्टर झाला. तिथे त्याला गुरू भेटला तो थेट सिग्मंड फ्रॉईड. विद्यार्थी असतानाच, १९२० मध्ये, त्याला मनोविश्लेषकांच्या संघटनेत प्रवेश मिळाला.

पोरगं हुशार होतं. मनात दाबून ठेवलेला ताण शरीरात, स्नायूंमध्ये जाऊन बसतो, हे त्याने मांडलं. गरीब कामगारांसाठी लैंगिक सल्ला केंद्रं काढली. १९३३ मध्ये लोक हुकूमशहाच्या मागे का जातात यावर पुस्तक लिहिलं.

पण त्याचं कुणाशीच पटेना. कम्युनिस्ट पक्षाने काढून टाकलं, मनोविश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही १९३४ मध्ये बाहेर केलं. नाझींनी तर त्याची पुस्तकं जाळली. जर्मनी सोडून तो डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे असा फिरत राहिला आणि १९३९ मध्ये अमेरिकेत पोचला.

इथून गाडी वेगळ्याच रुळावर गेली.

आपल्याला सगळ्या सृष्टीत भरलेली एक जीवनऊर्जा सापडलीय, असा दावा त्याने केला. तिला नाव दिलं ऑर्गोन. ही ऊर्जा साठवायला त्याने एक पेटी बनवली. माणूस आत बसू शकेल एवढी मोठी, बाहेरून लाकडासारखा पदार्थ, आतून धातूचा पत्रा. तिच्यात बसल्याने शरीराला फायदा होतो, असं त्याचं म्हणणं होतं. कॅन्सरच्या रुग्णांवरही त्याने हा प्रयोग केला.

जानेवारी १९४१ मध्ये तो थेट आइन्स्टाईनला प्रिन्स्टनमध्ये जाऊन भेटला. आइन्स्टाईनने काही तास ऐकून घेतलं आणि पेटी तपासायचं कबूल केलं. पेटीजवळ तापमान किंचित जास्त दिसत होतं, हे खरं निघालं. पण कारण साधं होतं. खोलीत छताजवळची हवा गरम आणि जमिनीजवळची थंड असते, त्याचाच तो परिणाम. आइन्स्टाईनच्या लेखी विषय तिथेच संपला. राईखने मात्र हे उत्तर कधीच मान्य केलं नाही.

१९४२ मध्ये त्याने रेंजलीजवळ जागा घेतली. १९४९ पर्यंत ती दगडी वेधशाळा उभी राहिली. पुढे त्याने ढगांवर परिणाम करून पाऊस पाडता येतो, असं सांगत नळ्यांचं ते यंत्रही बनवलं.

१९४७ मध्ये त्याच्यावर टीका करणारे लेख छापून आले आणि अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन मागे लागलं. पेटी म्हणजे रुग्णांची फसवणूक आहे, असं सांगत प्रशासन १९५४ मध्ये कोर्टात गेलं. विज्ञानाचा निकाल कोर्ट लावू शकत नाही, अशी भूमिका घेऊन राईख हजरच झाला नाही. निकाल विरोधात गेला. पेट्यांवर बंदी आली.

पुढे त्याच्या एका सहकाऱ्याने बंदी मोडून पेट्या दुसऱ्या राज्यात नेल्या. १९५६ मध्ये राईखला दोन वर्षांची शिक्षा झाली.

आणि मग सरकारने हद्द केली. ऑर्गोनॉनवरच्या पेट्या कुऱ्हाडीने फोडण्यात आल्या. ऑगस्ट १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका भट्टीत त्याची काही टन पुस्तकं आणि नियतकालिकं जाळली गेली. त्यात हुकूमशाहीवरचं पुस्तकही होतं, ज्याचा पेटीशी मुळात संबंधच नव्हता. नाझींपासून जीव वाचवायला ज्या देशात तो आला, त्याच देशाने ही होळी पेटवली.

३ नोव्हेंबर १९५७ ला तुरुंगातच हृदय बंद पडून तो गेला. वय ६०.

जाण्याआधी त्याने मृत्युपत्र करून ठेवलं होतं. घराचं म्युझियम करावं आणि आपली कागदपत्रं ५० वर्षं बंद ठेवावीत. म्युझियम १९६० मध्ये सुरू झालं. कागदपत्रं २००७ मध्ये अभ्यासकांना खुली झाली. त्यानंतरही ऑर्गोन ऊर्जेला विज्ञानाने मान्यता दिलेली नाही. शरीरातल्या ताणाबद्दलचं त्याचं म्हणणं मात्र टिकलं, आजच्या अनेक शरीरकेंद्री मानसोपचार पद्धती तिथूनच निघाल्या.

चुकीचा दावा खोडायला आइन्स्टाईनला एक थर्मामीटर पुरला होता. सरकारला त्यासाठी भट्टी लागली. पेटीच्या जोरावर आजारी माणसांना खोटी आशा दाखवणं थांबवायलाच हवं होतं, पण पुस्तकं जाळून काहीच सिद्ध झालं नाही. उलट राईख चुकलेला शास्त्रज्ञ म्हणून विसरला जायच्या ऐवजी, छळ झालेला माणूस म्हणून लक्षात राहिला.