प्रो. कावसजी दादाभाई नायगमवाला

पौष-माघाच्या निरभ्र रात्रीं धर्माबादेंत आपल्या अंगणांत उभें राहिलें असतां मृग नक्षत्रांतील तीन ताऱ्यांच्या बाणाखालीं एक अंधुक पुंजका दिसतो. तो ताऱ्यांना जन्म देणारा वायूचा तेजोमेघ होय. त्याच्या अभ्यासानें एका पारशी गृहस्थांचें नांव खगोलशास्त्राच्या इतिहासांत राहिलें.

कावसजींचा जन्म १८५७ सालीं झाला. १८७८ त एम्. ए. होऊन पुढें ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकवूं लागले. १८८२ त भावनगरचे महाराज तख्तसिंगजी ह्यांनीं पांच हजार रुपये दिले, सरकारनें तितकीच भर घातली, आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजांत महाराजांच्या नांवाची वेधशाळा उभी राहिली. तेथील दुर्बिणीचा आरसा वीस इंच व्यासाचा होता.

त्या वेळीं लॉकयर ह्या बड्या इंग्रज शास्त्रज्ञाचें मत असें होतें कीं, तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, व त्यांच्या वर्णपटांतील ठळक हिरवी रेषा तापलेल्या मॅग्नेशियमची. तसें असतें तर रेषेची एक कड पुसट दिसावयास हवी होती. कावसजींनीं पाहिलें, तों रेषा रेखीव! १८९१ त त्यांनीं तें इंग्लंडांत प्रसिद्ध केलें. परतंत्र देशांतील एका प्रोफेसरानें लॉकयरसाहेबांविरुद्ध लिहावें, ही लहान गोष्ट नव्हती.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणास लॉकयर विजयदुर्गास उतरले; कावसजींनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें तळ ठोकला. १९१२ त ते निवृत्त झाले आणि वेधशाळाहि बंद पडली; दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसावर उभें असलेलें काम असेंच संपतें, ह्याचें वाईट वाटतें. १९३८ सालीं ते वारले.

रेषेचें कोडें १९२७ सालीं बोवेन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें सोडविलें. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्राणवायूची आहे. आतां तीच रेषा विश्वाच्या बालपणाची साक्ष देते. आरंभीं बहुतेक हायड्रोजन व हेलियमच होते. अदृश्य कृष्णद्रव्याच्या गुरुत्वानें तो वायु ठिकठिकाणीं गोळा झाला, पहिले तारे पेटले, आणि लहान लहान दीर्घिका एकमेकींत मिसळून मोठ्या झाल्या. प्राणवायु मात्र ताऱ्यांच्या पोटांतच घडतो. म्हणून १३०० कोटी वर्षांपूर्वींच्या दीर्घिकेंत ही रेषा आढळली, कीं तेथें ताऱ्यांची एक पिढी आधींच जळून गेली, असें समजावें. विश्वाच्या प्रसरणानें त्या प्रकाशाची लहर वाटेंत इतकी ताणली जाते कीं, कावसजींना हिरवी दिसलेली रेषा तेथून येतांना डोळ्यांना दिसतच नाहीं. २०२२ पासून जेम्स वेब दुर्बीण ती अवरक्त प्रकाशांत टिपते आहे.