शेतकऱ्यांकडे शिकायला बसलेला शास्त्रज्ञ

सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की बोलणाऱ्यांचे दोन तट पडतात. एका पक्षाला ती पूर्वजांची, पाश्चात्त्य विज्ञानाने बुडविलेली विद्या वाटते; दुसऱ्याला ती पोट भरलेल्या पाश्चात्त्यांची हौस वाटते. या दोन्ही समजुतींना धक्का देणारे एक चरित्र आहे. ते एका इंग्रज सरकारी शास्त्रज्ञाचे असून त्यातील महत्त्वाची वर्षे बिहारमधील पुसा या खेड्यात आणि होळकरांच्या इंदुरात गेली. सर आल्बर्ट हॉवर्ड हे त्यांचे नाव. सेंद्रिय शेतीच्या जागतिक चळवळीने त्यांना जनकत्वाचा मान दिला. स्वतः हॉवर्ड मात्र आपले गुरू म्हणून हिंदुस्थानातील शेतकऱ्यांकडे आणि पिकांवरील किडींकडे बोट दाखवीत राहिले. हा केवळ विनय होता की वस्तुस्थिती, हे त्यांच्या आयुष्यक्रमावरूनच पाहिले पाहिजे.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात एका शेतकरी घरात झाला. लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ सायन्स आणि नंतर केंब्रिज येथे त्यांचे शिक्षण झाले. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमधील शेतकी खात्यात बुरशीजन्य रोगांचे तज्ज्ञ म्हणून रुजू झाले. उसावरचे रोग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, त्यांचे वर्णन लिहायचे आणि मळेवाल्यांना उपाय सांगायचे, असे ते काम होते. तो उपाय स्वतः करून पाहायला त्यांच्यापाशी वीतभर जमीन नव्हती. शेतकऱ्याच्या मुलाला ही गोष्ट खटकली. जो सल्ला आपण आपल्या शेतात आजमावलेला नाही तो दुसऱ्याला कोणत्या अधिकाराने द्यायचा, हा प्रश्न त्यांना तिथे पडला आणि पुढे त्याने त्यांचा पिच्छा सोडला नाही. मायदेशी परतल्यावर केंट परगण्यातील वाय येथील शेतकी महाविद्यालयात त्यांनी काही काळ हॉपच्या वेलींवर काम केले. पण त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते १९०५ साली.

त्या वर्षी लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत पुसा येथे मध्यवर्ती शेतकी संशोधन संस्था उभी राहत होती. तिथे हॉवर्ड यांची आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली. त्याच साली गॅब्रिएल मॅथाय यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएल या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजच्या विद्यार्थिनी. वनस्पती सूर्यप्रकाशात आपले अन्न कसे तयार करतात, या विषयावर ब्लॅकमन यांच्याबरोबर त्यांनी केलेले काम त्या शास्त्राच्या इतिहासात आजही उल्लेखिले जाते. म्हणजे हिंदुस्थानात आलेले हे जोडपे शास्त्रज्ञ नवरा आणि त्याची संसारी बायको असे नव्हते. किंबहुना प्रयोगशाळेतील शिस्तबद्ध संशोधनात पत्नीचे नाव तोपर्यंत पतीपेक्षा अधिक झाले होते. तरीही काही वर्षे त्यांना पतीच्या सावलीत काम करावे लागले. दुय्यम आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची रीतसर नेमणूक व्हायला १९१३ साल उजाडले.

पुशाला हॉवर्ड यांना पहिल्यांदा स्वतःची म्हणता येईल अशी ७५ एकर जमीन मिळाली. आसपासच्या शेतकऱ्यांची पिके त्यांनी न्याहाळली आणि त्यांना आश्चर्य वाटले. फवारणीची औषधे नाहीत, विकतची खते नाहीत, तरी पिके बहुतांशी निरोगी. एखादा साहेब अशा वेळी या शेतकऱ्यांना शहाणे करायला निघाला असता. हॉवर्ड यांनी उलटे केले. आपल्या शेतात आपण त्यांच्यासारखे पीक काढून दाखवू शकतो का, हे ते पाहू लागले. त्यात त्यांची सुमारे पाच वर्षे गेली. कीड पडली की तिला मारण्याऐवजी ती इथेच का पडली, याचा शोध घ्यायचा; रोग म्हणजे पिकाच्या मशागतीत, बियाण्याच्या निवडीत किंवा जमिनीतील हवा-पाण्यात कुठे तरी चुकल्याची सूचना मानायची, ही त्यांची पद्धत तिथे तयार झाली.

याच काळात हॉवर्ड दांपत्याने गव्हाच्या सुधारित जाती तयार केल्या. पुसा ४ आणि पुसा १२ या जाती उत्तर हिंदुस्थानात मोठ्या क्षेत्रावर पसरल्या. हिंदुस्थानातील गहू या विषयावरचा त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. सेंद्रिय शेतीचा हा आद्य पुरस्कर्ता मुळात सुधारित बियाणे तयार करणारा शास्त्रज्ञ होता, ही गोष्ट त्याच्या अनेक भक्तांना ठाऊक नसते किंवा अडचणीची वाटते. उन्हाळ्यात पतिपत्नी क्वेट्ट्याला जात. तिथल्या फळबागा, ओलिताच्या पाण्याची काटकसर, इतकेच काय, फळे रेल्वेने सुखरूप जावीत म्हणून हवेशीर खोकी कशी असावीत, येथपर्यंत त्यांचे लक्ष असे.

पुशाच्या बैलांची हकीकत हॉवर्ड यांनी पुढे जन्मभर सांगितली. संस्थेच्या शेतावरील कामाचे बैल त्यांनी आपल्या ताब्यात घेतले, त्यांना आपल्याच जमिनीवरची हिरवी वैरण घातली आणि रोगप्रतिबंधक लस मुद्दाम टोचली नाही. शेजारच्या कुंपणापलीकडे लाळ-खुरकुताने पछाडलेली जनावरे होती. कुंपणावरून तोंडाला तोंड लागत असे. हॉवर्ड यांच्या बैलांना रोग झाला नाही. क्वेट्टा आणि इंदूर येथेही असाच अनुभव आल्याचे त्यांनी लिहिले आहे. निरोगी मातीतून निरोगी पीक, त्यातून निरोगी जनावर आणि माणूस, या साखळीवरची त्यांची श्रद्धा येथून पक्की झाली. श्रद्धा हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. तुलनेसाठी दुसरा गट ठेवून केलेला हा प्रयोग नव्हता, आणि आजच्या शास्त्राच्या कसोटीला असा पुरावा अपुरा पडतो. हॉवर्ड निरीक्षणात जितके चोख, तितके निष्कर्षात उतावीळ होत असत, हे त्यांच्याविषयी आदर बाळगूनही म्हटले पाहिजे.

पुशाच्या संस्थेची रचना त्यांना जाचू लागली. बुरशीतज्ज्ञाचा विभाग वेगळा, कीटकतज्ज्ञाचा वेगळा, रसायनतज्ज्ञाचा वेगळा. पीक मात्र शेतात अखंड उभे असते. त्याची मुळे, माती, पाणी, रोग यांचा एकत्र विचार करू जाणारा माणूस प्रत्येक खात्याच्या हद्दीत घुसखोर ठरत होता. सरकारी कचेऱ्यांत वावरणाऱ्यांना हा अनुभव नवा वाटणार नाही. एका पिकाचा सर्वांगांनी अभ्यास करणारी स्वतंत्र संस्था हवी, ही त्यांची मागणी मान्य होईना. तेव्हा त्यांनी सरकारबाहेर पाहिले. मुंबईत ठाणे असलेल्या मध्यवर्ती कापूस समितीने पैसा दिला, मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी हातभार लावला, होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली आणि १९२४ मध्ये इंदूरला वनस्पतिउद्योग संस्था सुरू झाली.

इंदूरची जमीन वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याला ओळखीची वाटेल अशी काळी, कपाशीची. पावसात चिकट होऊन हवा कोंडणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. या जमिनीला कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याची गरज होती, आणि इथेच खरी अडचण होती. देशातले बरेचसे शेण गोवऱ्या होऊन चुलीत जात असे; लोकांना दुसरे सरपण नव्हते. शेण जाळू नका, असा उपदेश करून हॉवर्ड मोकळे झाले नाहीत. थोड्या शेणात पुष्कळ खत कसे होईल, हा प्रश्न त्यांनी घेतला. अमेरिकेचे किंग यांनी चीन, कोरिया व जपानमधील शेतीवर लिहिलेला ग्रंथ १९११ साली निघाला होता. चिनी शेतकरी काडीकचरा वाया न घालविता शतकानुशतके खत कसे करतात, हे त्यावरून हॉवर्ड यांच्या ध्यानात आले होते. आता त्याला रसायनशास्त्राची जोड हवी होती. ती यशवंत वाड यांनी दिली. खताच्या ढिगात नत्राचे काय होते, कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण किती असावे, ओल व हवा कधी किती लागते, हे मोजून ठरविण्यात वाड यांचा वाटा मोठा आहे. १९३१ साली शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याविषयीचे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांची नावे आहेत. जगभरच्या ग्रंथसूचींत हे मराठी आडनाव शंभर वर्षे होत आली तरी टिकून आहे. आपल्याकडे त्याची आठवण क्वचितच निघते.

ही पद्धत साधी होती, हेच तिचे बळ. शेतातील पालापाचोळा, तण, उसाचे पाचट गोळा करावे. पऱ्हाट्यांसारखा टणक माल आधी गाडीवाटेवर पसरावा, म्हणजे बैलांच्या खुरांखाली आणि चाकांखाली तो चिरडला जातो. मग हा सगळा कचरा गोठ्यात जनावरांखाली अंथरावा. मूत्र मुरलेली गोठ्यातील माती, थोडे शेण आणि राख यांच्यासह त्याचे थर उथळ खड्ड्यात रचावेत आणि पाणी शिंपडावे. ढीग तापतो, त्या उष्णतेत तणांचे बी मरते. पहिल्या पंधरवड्यानंतर, मग महिन्याने आणि पुन्हा दोन महिन्यांच्या सुमारास माल उलथापालथ करावा. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत तयार होते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून त्या दिवसांत ढीग जमिनीवर रचावा. यात विकत आणण्याचे काही नाही. लागते ते श्रम आणि वेळेवरची देखरेख. गावोगावच्या उकिरड्यात आणि या खतात फरक आहे तो एवढाच, पण हा एवढासा फरकच बहुतेक ठिकाणी साधत नाही. इंदुरात मजुरांचे तास कमी ठेवले होते आणि पगार वेळच्या वेळी होत असे, ही गोष्ट पद्धतीच्या वर्णनात सहसा गाळली जाते.

१९३० मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. गॅब्रिएल यांच्या भगिनी लुईझ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीत शेतीविषयक काम पाहत असत. १९३४ साली हॉवर्ड यांना सर ही पदवी मिळाली. इंदूर पद्धत आता देशोदेशी जाऊ लागली. केनियातील कॉफीचे मळे, आसाम-सिलोनमधील चहाचे मळे यांनी ती उचलली. १९३५ मध्ये गांधीजींनी तिची माहिती ‘हरिजन’मधून वाचकांना दिली. विरोध झाला तो अनपेक्षित ठिकाणी. ज्या कापसासाठी इंदूरची संस्था निघाली, त्याच कापसाच्या साम्राज्यभरातील संशोधकांनी तिच्याकडे पाठ फिरविली. हॉवर्ड यांचे म्हणणे खरे मानले तर नव्या जातींची पैदास आणि कीडनाश या दोन वाटांवर खर्ची पडलेले श्रम संशयास्पद ठरत होते.

त्यानंतरचे हॉवर्ड अधिकाधिक कडवे होत गेले. १९४० साली त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. जमिनीतून जे घेतले ते जमिनीला परत केले पाहिजे, हा त्याचा गाभा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८४० मध्ये मांडलेल्या विचारातून पिकाचे पोषण म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांचा जमाखर्च, अशी समजूत रूढ झाली होती. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी वाढलेले नत्राचे कारखाने युद्धानंतर खताकडे वळले होते. या सर्वांवर हॉवर्ड तुटून पडले. मुळांशी राहणाऱ्या बुरशीचे महत्त्व त्यांनी हेरले होते, आणि त्या बाबतीत पुढच्या संशोधनाने त्यांची बाजू बरीच उचलून धरली. उलट रॉदमस्टेड येथे १८४३ पासून चाललेल्या प्रयोगांत रासायनिक खतांवर गव्हाचे उत्पन्न दीर्घकाळ टिकल्याचे दिसत होते, त्याला त्यांच्यापाशी समाधानकारक उत्तर नव्हते. आज जगाच्या अन्नाचा फार मोठा वाटा कारखान्यातील नत्रावर उभा आहे, हेही नाकारता येत नाही.

त्यांचे आपल्या बाजूच्या लोकांशीही पटत नसे. ऑस्ट्रियाचे रुडॉल्फ श्टायनर यांनी १९२४ मध्ये दिलेल्या व्याख्यानांतून जैवगतिक शेतीचा पंथ निघाला होता. ग्रहतारे आणि विशिष्ट सिद्ध द्रव्ये यांवर भर देणारी ती विचारसरणी हॉवर्ड यांना कधीच पटली नाही. लेडी ईव्ह बाल्फर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये इंग्लंडात सॉइल असोसिएशन स्थापन झाली, तीत ते सामील झाले नाहीत. अमेरिकेतील रोडेल यांनी १९४२ साली काढलेल्या मासिकाला मात्र त्यांनी आपले नाव दिले, आणि अमेरिकेत ही कल्पना मुख्यतः त्या वाटेने पोचली.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी हॉवर्ड यांचे निधन झाले. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. १९५१ मध्ये सिंद्रीचा खत कारखाना सुरू झाला. तो त्या वेळच्या बिहारमध्येच होता. पुशाची संस्था १९३४ च्या भूकंपात कोसळल्यावर नावासकट दिल्लीला गेली होती, आणि १९६० नंतरच्या दशकात नव्या गव्हाचा प्रसार झाला तो तिच्याच शेतांवरून. लुईझ हॉवर्ड यांनी १९५३ मध्ये या दांपत्याच्या हिंदुस्थानातील पंचवीस वर्षांच्या कामाचा तपशीलवार ग्रंथ लिहिला. त्याच्या शीर्षकात नाव एकट्या सर आल्बर्ट यांचे आहे.