थॉमस कुक

थॉमस कुक (जन्म : २२ नोव्हेंबर १८०८, मेलबर्न, डर्बीशायर, इंग्लंड, मृत्यू : १८ जुलै १८९२, लेस्टर, इंग्लंड) हे इंग्रज प्रवास-व्यावसायिक व आधुनिक संघटित पर्यटनाचे प्रवर्तक होते. मजुरांना मद्याच्या व्यसनापासून दूर नेण्यासाठी त्यांनी अल्प दरातील रेल्वे सहली सुरू केल्या. पुढे त्यांच्याच नावाने चालणारी संस्था नाईल नदीवरील श्रीमंती जलप्रवासासाठी जगभर ओळखली जाऊ लागली.

बालपण व धर्मकार्य

कुक यांच्या वडिलांचे निधन त्यांच्या बालपणीच झाले. घरच्या गरिबीमुळे वयाच्या दहाव्या वर्षी त्यांना शाळा सोडावी लागली. काही काळ माळ्याच्या हाताखाली काम केल्यानंतर ते लाकडी सामान बनविणाऱ्या आपल्या एका नातेवाइकाकडे उमेदवारी करू लागले. १८२८ मध्ये ते बाप्टिस्ट पंथाचे ग्रामीण धर्मप्रचारक झाले. या कामासाठी १८२९ या एका वर्षात त्यांनी २,६०० मैलांहून अधिक प्रवास केला. त्यांपैकी २,१०० मैलांहून अधिक अंतर ते पायी चालले. १८३३ मध्ये त्यांनी मद्य न पिण्याची शपथ घेतली. त्याच वर्षी मॅरिअॅन मेसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे मार्केट हार्बरो येथे सुतारकाम करीत असतानाच ते मद्यनिषेधाच्या पत्रिका छापू लागले.

रेल्वे सहलींचा प्रारंभ

मद्यनिषेधाच्या एका सभेसाठी लेस्टरकडे पायी जात असताना, या चळवळीसाठी रेल्वेचा उपयोग करता येईल, अशी कल्पना कुक यांना सुचली. ५ जुलै १८४१ रोजी त्यांनी सुमारे ५०० लोकांना विशेष गाडीने लेस्टरहून लफबरो येथील मेळाव्यास नेले. जाण्या-येण्याचे भाडे प्रत्येकी एक शिलिंग होते. ज्या मजुरांना आपले गाव सोडून बाहेर जाण्याची संधी क्वचितच मिळे, त्यांच्यासाठी ही मोठी घटना होती.

१८४५ मधील लिव्हरपूलची सहल ही त्यांची नफ्यासाठी काढलेली पहिली सहल होय. तिच्यासाठी त्यांनी प्रवाशांना उपयोगी पडणारी मार्गदर्शक पुस्तिकाही छापली. १८४६ मध्ये त्यांनी स्कॉटलंडची सहल काढली. १८५१ मध्ये लंडनला भरलेले महाप्रदर्शन पाहण्यास त्यांनी सुमारे दीड लाख लोकांना नेले. त्यांतील अनेक कामगारांनी प्रवासखर्चासाठी आधीपासून थोडी थोडी रक्कम साठविली होती.

युरोप व टीका

१८५५ मध्ये त्यांनी युरोप खंडात पहिली सहल नेली, तर १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या सहली सुरू केल्या. प्रवास हा तोवर उमरावांचा व धनिकांचा अधिकार समजला जात असे. मध्यमवर्गीय प्रवाशांचे गट इटलीत दिसू लागताच चार्ल्स लीव्हर या आयरिश लेखकाने १८६५ मध्ये त्यांची जाहीर टवाळी केली. कुक यांनी या टीकेला ठामपणे विरोध केला. निसर्ग व कलाकृती पाहण्याचा हक्क कोणा एका वर्गाचा नाही, अशी त्यांची भूमिका होती. हॉटेलची कूपने आणि परदेशात वटविता येणाऱ्या प्रवासी हुंड्या यांमुळे सामान्य प्रवाशाची पैशांची चिंता कमी झाली.

नाईल व पॅलेस्टाईन

१८६९ च्या आरंभी कुक यांनी ईजिप्त व पॅलेस्टाईनची संयुक्त सहल काढली. नदीवरील जलप्रवास आणि ऐतिहासिक शहरांचा खुष्कीचा प्रवास यांची सांगड त्यांनी तीत घातली. तत्पूर्वी नाईलवर जाणारे युरोपीय प्रवासी 'दहाबिया' नावाची शिडाची होडी भाड्याने घेत. वाऱ्यावर अवलंबून असलेल्या या प्रवासास दोन-तीन महिने लागत आणि तो फार खर्चिक असे. कुक यांनी खेदिव इस्माईल यांच्या मालकीच्या दोन वाफेच्या बोटी भाड्याने घेतल्या. त्यामुळे कैरोहून अस्वानपर्यंत जाऊन परत येण्याचा प्रवास सुमारे तीन आठवड्यांत होऊ लागला. वाटेत देंदेरा, लक्सर, कर्नाक, एडफू येथील प्राचीन मंदिरे पाहण्यासाठी बोटी थांबत. काठावरून मंदिरापर्यंत गाढवांवर बसून जावे लागे.

त्यानंतर प्रवासी पॅलेस्टाईनमध्ये जात. तेथे चांगले रस्ते व हॉटेले यांची वाण असल्याने घोड्यावरून प्रवास आणि तंबूत मुक्काम अशी योजना होती. खाटा, गालिचे, स्वयंपाकाची भांडी व आचारी असा सारा सरंजाम खेचरांच्या काफिल्याबरोबर चाले. कुक यांच्या दृष्टीने जेरुसलेमची भेट ही केवळ सहल नव्हती. बायबलमधील भूमी प्रत्यक्ष पाहण्याची ती यात्राच होती.

जगप्रवास व भारत

१८७२-७३ मध्ये कुक यांनी पहिली संघटित जगप्रदक्षिणा केली. अमेरिका, जपान, चीन, श्रीलंका, भारत व ईजिप्त असा हा प्रवास २२२ दिवस चालला. १८८१ मध्ये त्यांच्या संस्थेचे कार्यालय मुंबईत सुरू झाले. १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने हज यात्रेकरूंच्या प्रवासाची व्यवस्था या संस्थेकडे सोपविली. हे काम तिने काही वर्षे पाहिले.

पिता-पुत्र संघर्ष

कुक यांचा पुत्र जॉन मेसन कुक हा कुशल व शिस्तप्रिय व्यवस्थापक होता. 'थॉमस कुक अँड सन' या नावाने दोघांची भागीदारी होती. व्यवसायात धर्मकार्य व परोपकार मिसळणे पुत्रास मान्य नव्हते, तर केवळ नफ्यासाठी व्यवसाय करणे पित्यास रुचत नव्हते. हा वाद विकोपास जाऊन १८७८ मध्ये थॉमस कुक यांना कारभारातून बाजूला व्हावे लागले.

पुढे नाईलवरील व्यवसाय जॉन मेसन यांनी भरभराटीस आणला. १८७७ मध्ये लक्सर येथे हॉटेल सुरू झाले होतेच. १८८४-८५ मध्ये खार्टूमकडे निघालेल्या ब्रिटिश सैन्याची नदीवरील वाहतूक संस्थेने केली. तीत जुन्या बोटी खिळखिळ्या झाल्यावर 'प्रिन्स अब्बास', 'तेवफिक', 'रामेसिस' अशा नव्या आलिशान बोटी बांधण्यात आल्या. एका शिलिंगाच्या सहलीतून उभी राहिलेली संस्था आता हिवाळा ईजिप्तमध्ये घालविणाऱ्या धनिकांची सोय पाहू लागली. लक्सर येथे स्थानिक लोकांसाठी रुग्णालयही मात्र जॉन मेसन यांच्याच पुढाकाराने उभे राहिले.

अखेरची वर्षे व वारसा

१८८० मध्ये कन्या अॅनी आणि १८८४ मध्ये पत्नी मॅरिअॅन यांचे निधन झाल्यावर कुक यांचे अखेरचे दिवस लेस्टर येथे एकाकीपणात गेले. त्यांची दृष्टीही गेली. १८९१ मध्ये संस्थेचा सुवर्णमहोत्सव लंडनमध्ये थाटाने साजरा झाला. त्या समारंभास संस्थापक उपस्थित नव्हते. पुढील वर्षी त्यांचे निधन झाले.

कुक कुटुंबाने १९२८ मध्ये संस्था विकली. त्यांचे नाव चालविणारी ब्रिटिश कंपनी सप्टेंबर २०१९ मध्ये बंद पडली. भारतातील त्याच नावाची कंपनी स्वतंत्र मालकीची असल्याने तिचे काम सुरू राहिले. प्रवास, निवास, भोजन व मार्गदर्शन यांची आगाऊ ठरविलेल्या एकत्रित दरात व्यवस्था करण्याची जी पद्धत कुक यांनी रूढ केली, तिच्यावरच आजच्या बहुतेक सामूहिक सहली आधारलेल्या आहेत.