बंगळुरूचं बंद दार उघडणाऱ्या कमला सोहोनी : स्नायूतल्या प्राणवायूपासून ताडाच्या नीरेपर्यंत

आदिलाबाद : मटणाच्या दुकानात मांस धुतलं की लाल पाणी निघतं. लोक त्याला रक्त म्हणतात, पण रक्त बहुतेक कापतानाच निघून गेलेलं असतं. तो लाल रंग असतो मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा. स्नायूत प्राणवायू साठवून ठेवणं हे त्याचं काम. गावरान कोंबडीची तंगडी लालसर आणि छातीचं मांस पांढरट दिसतं, त्याचंही कारण तेच. कोंबडी दिवसभर पायांवर हिंडते, उडते क्वचितच. ज्या स्नायूला सतत राबायचं असतं, त्यात साठा जास्त.

या साठ्याचं गणित ज्या केंब्रिज विद्यापीठात मांडलं गेलं, तिथेच त्यानंतर थोड्याच काळात एक मराठी मुलगी काम करत होती. कमला भागवत तिचं नाव. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पण तिथपर्यंत पोचण्याआधी त्यांना आपल्याच देशात एका दाराबाहेर बसावं लागलं होतं.

कमलाबाईंचा जन्म १९११ चा, इंदूरचा. घर मराठी, गाव होळकरांचं. म्हणजे राज्याच्या हद्दीपलीकडचं मराठीपण त्यांना जन्मापासूनच मिळालेलं. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळुरूच्या ज्या संस्थेला तेव्हा लोक टाटा इन्स्टिट्यूट म्हणत, तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी हे दोघे. थोरल्या बहीण म्हणजे दुर्गा भागवत. लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष म्हणून त्या अवघ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. मध्य भारतातल्या आदिवासींच्या कथा-गाण्यांचा दुर्गाबाईंनी अभ्यास केला. त्यामानाने धाकट्या बहिणीचं नाव मराठी घरांत आजही कमीच ऐकू येतं.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत रसायनशास्त्र घेऊन पहिल्या आल्या. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच पुढे शिकायचं, यात घरात कुणालाच शंका नव्हती. अर्ज गेला आणि नामंजूर होऊन आला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. तीनच वर्षांपूर्वी त्यांना नोबेल मिळालेलं. मुलींना घ्यायचं नाही, एवढंच कारण होतं. गुणांचा प्रश्नच नव्हता. वडिलांनी आणि काकांनी विनवण्या केल्या, काही उपयोग झाला नाही.

कमलाबाई गाडीत बसल्या आणि थेट बंगळुरूला पोचल्या. ते दिवस गांधीजींच्या सत्याग्रहाचे. त्यांनीही रामन यांच्या कार्यालयाबाहेर ठाण मांडलं. प्रवेश का नाही, याचं कारण विचारत राहिल्या आणि शेवटी प्रवेश घेऊनच उठल्या. पण अटी पाहा. पहिलं वर्ष परीक्षाकाळ. संचालकांची खात्री पटेपर्यंत कामाला अधिकृत मान्यता नाही. आणि तिथल्या पुरुष संशोधकांचं लक्ष त्यांच्यामुळे विचलित होता कामा नये. लक्ष पुरुषांचं विचलित होणार आणि ते सांभाळायची जबाबदारी मात्र बाईची, असा तो न्याय होता.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. त्यांना हे आवडलं होतं असं मात्र नाही. एवढा मोठा शास्त्रज्ञ आपल्याशी केवळ बाई म्हणून असा वागला, हे त्या उतारवयातही विसरल्या नव्हत्या आणि चारचौघांत बोलूनही दाखवत. रामन यांच्या मोठेपणाबद्दल लिहिणारे बरेचदा हा भाग गाळतात.

बंगळुरूला त्यांचे गुरू होते श्रीनिवासय्या. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. आपल्याकडचा गरीब माणूस प्रथिनं मिळवतो ती मटणातून कमी, तुरीच्या-मुगाच्या डाळीतून जास्त. त्यामुळे हा विषय प्रयोगशाळेपुरता नव्हता. १९३६ मध्ये त्या विशेष गुणवत्तेसह एम.एस्सी. झाल्या. रामन यांचीही खात्री पटली आणि त्यानंतर संस्थेचं दार मुलींना उघडलं.

मग शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडला गेल्या. १९३७ सालच्या डिसेंबरात केंब्रिजला प्रवेश संपत आले होते. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख. प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती. तेव्हा डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकाने आपलं टेबल दिवसा त्यांना देऊ केलं आणि स्वतः रात्री काम करू लागला. बंगळुरूला धरणं धरावं लागलं आणि इथे परक्याने टेबल सोडलं. अर्थात केंब्रिजही काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. बायकांना पूर्ण हक्काची पदवी द्यायला त्या विद्यापीठाला १९४८ साल उजाडावं लागलं.

रिश्टर दुसरीकडे गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली आल्या. हे हिल म्हणजे वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावरच्या कामामुळे पुढे जगभर नावाजलेले. पण त्याआधी, १९३६ मध्ये, त्यांनी स्नायूतल्या मायोग्लोबिनवर एक महत्त्वाचं मोजमाप केलं होतं. मायोग्लोबिन प्राणवायू कधी पकडतं आणि कधी सोडतं, याचा आलेख त्यांनी काढला. रक्तातलं हिमोग्लोबिन जिथे प्राणवायू सोडून देतं, तितक्या कमी दाबालाही मायोग्लोबिन तो घट्ट धरून ठेवतं, असं त्यातून दिसलं. म्हणून रक्तातला प्राणवायू स्नायूकडे ओढला जातो आणि स्नायू पार रिकामा व्हायला आला तरच हा साठा सुटतो.

आदिलाबादच्या माणसाला हे कापसाच्या भाषेत चटकन कळेल. हिमोग्लोबिन म्हणजे लॉरी, फुप्फुसातून माल उचलायचा आणि अंगभर पोचवायचा. मायोग्लोबिन म्हणजे गोदाम, माल थोडा पण वेळेला हाताशी. आणि सायटोक्रोम म्हणजे जिनिंगमधली यंत्रं, एकाकडून दुसऱ्याकडे काम सरकत जाणारी. सायटोक्रोम सी स्वतः प्राणवायू धरत नाही. ते इलेक्ट्रॉन पुढच्या यंत्राकडे देतं आणि तिथे प्राणवायू खर्ची पडून पेशीला ऊर्जा मिळते. तिघांच्याही पोटात एकच धातू, लोखंड. आपण रोज ज्याला लोह म्हणतो तेच.

केंब्रिजमध्ये तेव्हा या लोहवाल्या प्रथिनांचं वारंच होतं. डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोमचं कार्य उजेडात आणलं होतं. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करताना त्यात सायटोक्रोम सी असल्याचं दाखवलं. प्राण्याच्या पेशीत श्वसनाची जी यंत्रणा, तीच वनस्पतीच्या पेशीतही आहे, हा त्याचा अर्थ. बैलाची मांडी आणि मातीतला बटाटा, दोघांच्या पेशी प्राणवायू वापरतात त्या एकाच जातीच्या यंत्राने. गोदाम मात्र स्नायूलाच, कारण धावायचं त्यालाच असतं.

हा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता आणि केंब्रिजला आल्यापासून चौदा महिन्यांत पुरा झाला. हल्ली पीएच.डी.चे जाडजूड ग्रंथ पाहणाऱ्यांना ही चाळीस पानं खोटी वाटतील. १९३९ मध्ये त्यांना पदवी मिळाली. त्याच केंब्रिजमध्ये जॉन केंड्र्यू यांनी १९५८ साली मायोग्लोबिनची त्रिमिती रचना उलगडली. देवमाशाच्या मांसातून काढलेलं ते मायोग्लोबिन. तासभर पाण्याखाली राहणाऱ्या त्या प्राण्याच्या स्नायूत त्याचा साठा भरपूर असतो. रचना कळलेलं ते जगातलं पहिलं प्रथिन, आणि १९६२ चं नोबेल त्यासाठीच. त्या वेळी कमलाबाई मुंबईत डाळी शिजवून पाहत होत्या.

परदेशात राहण्याची संधी असताना त्या १९३९ मध्ये परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. तिथून कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. तेलंगणात राहणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. हीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये कुन्नूरहून हैदराबादला आली. तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. आपल्या अंगणवाडीत कुणाला किती डाळ, किती अंडी याचे हिशेब ज्या संस्थेच्या अभ्यासावर चालतात, तिच्या जुन्या घरात कमलाबाईंनी जीवनसत्त्वांवर काम केलं होतं.

१९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं. ते अॅक्च्युअरी, म्हणजे विम्याचं गणित मांडणारे. कमलाबाई मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाच्या प्राध्यापक झाल्या. इथे त्यांचं खरं लोकोपयोगी काम उभं राहिलं. कडधान्यांत प्रथिनं भरपूर असली तरी काही कच्च्या कडधान्यांत पचनालाच अटकाव करणारे घटक असतात. ट्रिप्सिन नावाच्या पाचक रसाला ते रोखतात. भारतीय अन्नपदार्थांतल्या या घटकांवर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात शोधनिबंध लिहिले. वालासारखी कडधान्यं भिजवून, नीट शिजवून का खायची, याचं उत्तर त्यात आहे. शिजवल्यावर या घटकांचा जोर बराच कमी होतो. आजी हेच करत आली, फक्त तिला ट्रिप्सिन माहीत नव्हतं.

आणि मग नीरा. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी सुचवल्यावरून त्यांनी ताडाच्या नीरेवर काम हाती घेतलं. पहाटे झाडावरून उतरवलेली ताजी नीरा गोड असते. ऊन चढलं की आंबते आणि ताडी होते. बेला-जैनथपासून उटनूरपर्यंत हा फरक कुणाला समजावून सांगायची गरज नाही. कमलाबाईंच्या अभ्यासात नीरेत क जीवनसत्त्व आणि लोह आढळलं. ताडगुळातही पोषण टिकून राहतं असं दिसलं. कुपोषित आदिवासी मुलामुलींना आणि गरोदर बायांना ती दिल्यावर प्रकृती सुधारली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. लोह आणि क जीवनसत्त्व एकत्र मिळणं महत्त्वाचं, कारण क जीवनसत्त्व असलं की अन्नातलं लोह अंगात नीट शोषलं जातं.

आदिलाबादला हा विषय जुना झालेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तेलंगणात आणि पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. माणसाच्या शरीरात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह, एका खिळ्याएवढं. ते घटलं की लॉऱ्या कमी होतात, जिनिंगही मंदावतं. कापूस वेचणाऱ्या बाईला दुपारीच जो थकवा येतो, तो नेहमी आळस किंवा उन्हाचा नसतो. सिकलसेलची गोष्ट वेगळी. तिथे हिमोग्लोबिनच्या घडणीतच दोष असतो, तो लोहाच्या गोळीने जात नाही, त्याची तपासणी निराळी करावी लागते. अंगणवाडीतल्या आरोग्य लक्ष्मीच्या जेवणात डाळ, अंडं, दूध एका ताटात येतं, ते या हिशेबानेच. नीरा मात्र अजून गावात ताडीच्याच नावाने ओळखली जाते. हैदराबादेत हुसेनसागराच्या काठावर २०२३ मध्ये नीरा कॅफे उघडला, तो शहरातल्या लोकांसाठी. ज्यांच्यासाठी कमलाबाईंनी प्रयोग केले, त्या पाड्यांना तो दूरच.

मुंबईतही त्यांची वाट सरळ नव्हती. संस्थेचं संचालकपद त्यांना मिळालं, पण अंतर्गत राजकारणात चार वर्षं उशिरा. १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या. आरे दूध योजनेलाही त्यांनी सल्ला दिला. १९६६ मध्ये मुंबईत नऊ बायांनी मिळून ग्राहकांसाठी एक संघटना काढली, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर वीस वर्षांनी आला. कमलाबाई त्या कामात होत्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्षही झाल्या. संघटनेच्या 'कीमत' मासिकात त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत. केंब्रिजची पीएच.डी. आणि बाजारातली भेसळ, यात त्यांना कुठलंच काम खालचं वाटलं नाही.

तरी देशाच्या वैज्ञानिक वर्तुळाला त्यांची आठवण फार उशिरा झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. सत्यवती यांना त्यांच्या कामाची माहिती मिळाली आणि दिल्लीत सत्कार ठरला. १९९८ सालच्या त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.